गंजावर लांबी (पुट्टी) भरणे ही दुरुस्ती नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की कोकण किनाऱ्यावरील गॅरेजांत जुन्या मारुती ओम्नी व्हॅन पत्र्याच्या कामासाठी उभ्या राहू लागतात. या कामाचा दर्जा आणि त्याच्या तपासणीतील उणीव याकडे आपल्या वृत्तपत्रातून लक्ष वेधू इच्छितो.

१९८४ मध्ये बाजारात आलेल्या या व्हॅनचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले, तरी मासळीच्या पेट्यांपासून केटरिंगच्या भांड्यांपर्यंत सारे काही ती आजही वाहते. खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि पेट्यांतून झिरपणारे बर्फाचे खारट पाणी यांमुळे सरकत्या दाराखालचा उंबरठा, चाकांवरच्या कमानी आणि सीटखालचा पत्रा आतून कुजत जातो. ओम्नीला ट्रकसारखी वेगळी चॅसिस (खालचा सांगाडा) नाही. पत्र्याचे पोकळ भाग स्पॉट वेल्डिंगने जोडून तयार झालेली बॉडीच सगळा भार पेलते. त्यामुळे उंबरठ्याला पडलेले भोक हा केवळ दिसण्याचा प्रश्न राहत नाही.

प्रत्यक्षात मात्र अनेक ठिकाणी गंज वरवर घासून त्यावर लांबी किंवा फायबर भरले जाते आणि रंगाचा हात मारून गाडी मालकाच्या ताब्यात दिली जाते. काही जण कुजलेल्या पत्र्यावरच नवा तुकडा चिकटवतात. दोन थरांमध्ये पाणी अडकते आणि गंज आतल्या आत पसरत राहतो. योग्य पद्धत वेळखाऊ आहे. चकचकीत, निरोगी धातू लागेपर्यंत जुना पत्रा ग्राइंडरने कापावा लागतो, त्याच जाडीच्या पत्र्याचा तुकडा मूळ वळणाप्रमाणे घडवावा लागतो आणि तो सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायू वापरून केलेल्या) वेल्डिंगने बसवावा लागतो. बॉडीचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा किंवा त्याहून पातळ असल्याने सलग वेल्डिंग केले तर तो जळतो किंवा वाकतो. म्हणून दूरदूरच्या जागी लहान टाके देत, मध्ये पत्रा थंड होऊ देत, जोड पूर्ण करायचा असतो. त्यानंतर जोडावर झिंक प्रायमर आणि सीलर, पोकळीत मेण, आणि पाणी निथळण्याची मूळ छिद्रे मोकळी. ही छिद्रे अंडरकोटिंगने (गाडीच्या तळाला मारायच्या संरक्षक लेपाने) बुजवण्याची आपल्याकडील हौस मला आजवर समजलेली नाही. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची जोडणी काढणे आणि एलपीजीवरच्या गाडीतील टाकी उतरवणे याबाबत तर कोणतीही सवलत नसावी.

दोष एकट्या डेंटरचा (पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराचा) नाही. रंगाच्या चकाकीसाठी आनंदाने पैसे मोजणारा मालक न दिसणाऱ्या वेल्डिंगच्या मजुरीवर घासाघीस करतो.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नूतनीकरणासाठी येते, तेव्हा गाडी तपासली जाते; मात्र खालचा पत्रा ठोकून पाहणे त्या तपासणीत अनिवार्य असले पाहिजे. ब्रिटनमधील एमओटी या गाड्यांच्या वार्षिक सुरक्षा चाचणीत सीटबेल्ट, सस्पेन्शन यांसारख्या महत्त्वाच्या भागांच्या जोडबिंदूंपासून ३० सेंटीमीटरच्या आत बॉडी गंजून कमकुवत झाली असेल, तर गाडी नापास होते आणि तेथे लांबी किंवा फायबरची मलमपट्टी चालत नाही. असाच स्पष्ट, लेखी निकष परिवहन विभागाने येथेही लागू करावा. साधे लोहचुंबक फिरवले तरी लांबीचा जाड थर ओळखता येतो, त्यामुळे खर्चाची सबब पुरेशी नाही. किनारपट्टीच्या जिल्ह्यांतील आयटीआयनी काम करणाऱ्या डेंटरांसाठी पातळ पत्र्याच्या वेल्डिंगचे संध्याकाळचे अल्पमुदतीचे वर्ग सुरू केल्यास या निकषाप्रमाणे काम करणारे हातही मिळतील.

तोवर मालकांनी एवढे तरी करावे: कुजलेला भाग कापल्यावर आणि प्रायमर मारण्यापूर्वी, अशा दोन्ही वेळी गॅरेजात जाऊन काम स्वतः पाहावे, आणि कापून काढलेला पत्रा दाखवायला सांगावा.

आपला,
एक व्हॅनमालक, रत्नागिरी