काका, पायांतलं चिलखत अंगाला नीट बसलं ते तुमच्यामुळे

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. इंग्लंडात राहून जुन्या लढायांच्या प्रयोगांत उतरू पाहणारी आणखीही मराठी मंडळी आहेत. माझ्या पायांचं चिलखत घडवताना तुमच्याकडून मला जे मिळालं, ते त्यांनाही कळू दे.

इंग्लंडच्या गादीसाठी यॉर्क आणि लँकेस्टर या घराण्यांत झालेली ट्यूक्सबरीची लढाई 4 मे 1471 ची. दर जुलैत ती तिथे पुन्हा उभी करतात आणि मला यॉर्क पक्षाचा, पायउतार होऊन लढणारा सरदार व्हायचं होतं. पहिल्याच भेटीत तुम्ही विचारलंत, "साल कुठलं? आणि हा माणूस किती पैसेवाला?" पत्र्याचं, मापाचं, किमतीचं बोलणं त्यानंतर. तयार मिळणाऱ्या संचांत मांडीचा पत्रा एका शतकातला आणि गुडघ्याची वाटी दुसऱ्याच शतकातली, असं सर्रास असतं. म्हणून आधी एक अस्सल नमुना डोळ्यांसमोर हवा, हा तुमचा आग्रह.

त्यासाठी तुम्ही मला वॉरिकला, सेंट मेरी चर्चमध्ये नेलंत. 1439 मध्ये वारलेल्या अर्ल रिचर्ड बीचमचा सोनेरी मुलाम्याचा पुतळा तिथे आहे, पंधराव्या शतकाच्या मध्यावर घडवलेला, इटलीतल्या मिलानच्या धाटणीच्या चिलखतातला. तुम्ही चेहऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत, थेट पायांशी गेलात. नडगी आणि पोटरी मिळून पुरी झाकणारे दोन पत्रे, त्यांच्या बिजागऱ्या, वाद्या, बकला आणि गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाने मागे वळणारा तो मोठा पंख. पुतळ्याची पाठदेखील तितक्याच बारकाईने घडवली आहे, हे तुम्ही सांगितलंत. जी बाजू कोणाला दिसणार नव्हती तिच्यावर कारागिराने घेतलेली मेहनत सांगताना तुमचा आवाज बदलला होता. तो मला अजून ऐकू येतो.

मग मापं. तीही संध्याकाळी, दिवसभर चालून झाल्यावर, कारण तोवर पोटऱ्या भरलेल्या असतात. अंगात जाड अस्तराचा डब्लेट, म्हणजे चिलखताखालचा तंग अंगरखा, पायांत तंग लोकरी होज, म्हणजे पायमोज्यांसारखी विजार, आणि लढताना घालायचे तेच बूट. आधी पुठ्ठ्याचे तुकडे कापून पायाला बांधलेत आणि मला उकिडवं बसवलंत, जिना चढायला लावलंत. गुडघा जिथे मोडतो, नेमक्या त्याच रेषेत वाटीचे रिव्हेट यायला हवेत. बोटभर खाली आले तरी पाय दुमडताना पत्रा मांस पकडतो. हे तुम्ही समजावलंत ते खडूने माझ्या गुडघ्यावर ठिपका काढून. पोटरीच्या पत्र्याला तुम्ही किती वेळा हातोडी लावलीत! कोव्हेंट्रीत मोटारींच्या डेंटिंगमध्ये उमेदीची वर्षं घातलेला तुमचा हात; डोळे मिटून अंगठा फिरवायचात आणि म्हणायचात, "इथे अजून दाबतंय." आणि तिथेच दाबत असायचं.

पण सगळ्यात मोठं ऋण वजनाचं आहे. लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी चिलखत घातलेल्या माणसांना ट्रेडमिलवर चालवून मोजलं, तर चालायला 2.1 ते 2.3 पट शक्ती लागली. त्यात पायांवरच्या लोखंडाचा वाटा मोठा, कारण ते प्रत्येक पावलाला उचलावं लागतं. म्हणून मांडीचा पत्रा वादीने मांडीला नुसता आवळायचा नाही. त्याच्या वरच्या कडेचं चामडं नाड्यांनी डब्लेटला बांधायचं आणि तो डब्लेट कमरेला चपखल हवा, म्हणजे भार कमरेवर टांगला जातो. खांद्यावर आला तर दुपारपर्यंत माणूस वाकतो. माझा डब्लेट तुम्ही उसवून कमरेत पुन्हा शिवायला लावलात, तेव्हा ते मला जरा अतीच वाटलं होतं. आता मैदानावर पाऊल उचललं की त्याचं मोल कळतं.

गुडघ्याभोवती घोंगडीच्या पातळ पट्ट्या गुंडाळायची युक्तीही तुमचीच. पायी लढणाऱ्याला चिलखत कसं चढवावं, हे सांगणारा पंधराव्या शतकातला एक इंग्रजी मजकूर आहे. त्यात ती जशीच्या तशी आहे: पत्र्याने गुडघा सोलवटू नये म्हणून पातळ ब्लँकेट. तो उतारा तुम्ही मला वाचून दाखवलात आणि लगेच कात्री घेऊन बसलात.

या सगळ्याचे तुम्ही पत्र्याच्या किमतीपलीकडे काही घेतलं नाहीत. काकूंनी दर वेळी जेवूनच जायला लावलं, त्यांनाही माझा नमस्कार सांगा.

आता सॅबाटन, म्हणजे पावलांवरचे पत्रे, राहिलेत. त्याच मजकुरात ते बुटाला बारीक नाड्यांनी बांधायला सांगितले आहेत, म्हणून बुटांना भोकं पाडायच्या आधी तुमच्याकडे येतो. आणि या जुलैत ट्यूक्सबरीला तुम्ही यायचंच. गाडी मी घेऊन येईन.

तुमचा,
कायमचा ऋणी