गल्ल्यातील सगळे पैसे मालकाचे नसतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोकरीच्या मागे न लागता स्वतःचा उद्योग सुरू करा, असा सल्ला देणारी व्याख्याने हल्ली तालुक्याच्या गावीही होतात. कर्जाच्या योजनाही पुष्कळ आहेत. लहान धंद्यांना कर्ज देणाऱ्या मुद्रा योजनेत पूर्वीचे ‘तरुण’ या मोठ्या रकमेच्या गटातील कर्ज नीट फेडलेल्यांसाठी मर्यादा 2024 मध्ये 10 लाखांवरून 20 लाखांवर नेण्यात आली, तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादन उद्योगासाठी 50 लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. पैसा कसा उभा करावा हे सांगणारे भरपूर भेटतात. परंतु धंद्यात फिरणाऱ्या पैशांपैकी आपला किती आणि दुसऱ्याचा किती, हे रोजच्या रोज ओळखणे ही मालकाची पहिली जबाबदारी आहे, हे सांगणारा क्वचितच भेटतो. सांगली-मिरज परिसरातील लहान कारखान्यांत तीस वर्षे हिशेबनीस म्हणून काम केल्यावर माझे असे मत झाले आहे की, येथील बरेचसे कारखाने कामाअभावी नव्हे, तर ही ओळख न ठेवल्यामुळे अडचणीत येतात.

मी पाहिलेले एक उदाहरण देतो. मालक स्वतः लेथवर काम करत वर आलेले, कास्टिंगच्या, म्हणजे ओतीव भागांच्या, मशीनिंगमध्ये त्यांचा हात धरणारा जवळपास कोणी नव्हता, कामगार बावीस आणि काम एवढे की दोन्ही पाळ्या भरून चालत. असे असूनही दर महिन्याच्या 7 तारखेला, म्हणजे पगार देण्याची कायद्याने ठरलेली मुदत संपताना, खात्यात पैसे नसत. कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. मोठ्या गिऱ्हाइकाची रक्कम कारखान्याच्या चालू खात्यात जमा झाली की मालक ती कमाई समजत आणि त्यातूनच त्यांच्या बंगल्याच्या स्लॅबचे सिमेंट, सळई आणि सेंट्रिंगवाल्याची बिले भागत. त्या रकमेत सरकारचा वस्तू आणि सेवा कर होता, पोलादाच्या व्यापाऱ्याची उधारी होती आणि कामगारांचा भविष्य निर्वाह निधीही होता.

एके दिवशी एक जुना कामगार मोबाईल घेऊन माझ्या टेबलाशी आला. मुलीच्या लग्नासाठी त्याला निधीतून उचल घ्यायची होती. “भाऊ, चार महिने झाले, आकडा हललाच नाही,” एवढेच तो म्हणाला. त्याच्या पगारपत्रकावर दरमहा 12 टक्के कपात दाखवली होती आणि ते पत्रक माझ्याच हातचे होते. ही वर्गणी मालकाच्या वाट्यासह पुढील महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरावी लागते, आणि कामगाराच्या पगारातून कापून ती न भरणे हा कायद्याच्या दृष्टीने फौजदारी विश्वासघात ठरतो, हे मला माहीत होते. मालक रागावतील म्हणून मी ते ठामपणे बोललो नव्हतो. तो दोष माझाही आहे, हे येथे नमूद केले पाहिजे.

कराची गोष्ट याहून फसवी आहे. एक लाखाच्या मालावर 18 टक्के कर लावून 1 लाख 18 हजारांचे बिल केले, तर वरच्या 18 हजारांतून खरेदीवर भरलेला कर वजा जाता उरलेली रक्कम सरकारची असते. मासिक विवरण भरणाऱ्याला ती पुढील महिन्याच्या 20 तारखेपर्यंत भरावी लागते आणि गिऱ्हाइकाने बिल चुकते केले की नाही, याची विचारपूस त्या वेळी कोणी करत नाही. साहजिकच 110 दिवसांनी पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाचा कर मालक स्वतःच्या पदरचा भरतो, आणि विक्री वाढेल तसा हा भार वाढत जातो. धंदा वाढला म्हणून पेढे वाटणाऱ्या मालकाकडे त्याच महिन्यात पगाराला पैसे का नसतात, या कोड्याचे उत्तर बहुतेक वेळा येथेच सापडते.

अशा थकबाकीवर कायदा नाही असे नाही. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार, लेखी करार नसल्यास 15 दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत सूक्ष्म वा लघु पुरवठादाराचे पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. गिऱ्हाईक तुटेल या भीतीने लहान कारखानदार या हक्काचा उच्चारही करत नाही, आणि त्या भीतीला मी खोटी म्हणणार नाही. मात्र कोणाकडून किती दिवसांचे येणे आहे, याची यादी दर सोमवारी समोर ठेवून एक फोन करण्यास भीतीचे काहीच कारण नाही. आमच्या मालकांना अशी यादी प्रथमच दाखवली, तेव्हा तीत दोन बिले अशी निघाली की ती गिऱ्हाइकाच्या लेखा विभागाकडे पोहोचलीच नव्हती.

दर ठरवतानाही हीच चूक होते. शेजारचा कारखाना ताशी अमुक घेतो म्हणून आपण दहा रुपये कमी, एवढाच हिशेब केला जातो. समजा, यंत्र 25 लाखांचे आहे आणि ते दहा वर्षे चालेल. वर्षाचे 300 दिवस, रोज 16 तास धरले तर 4,800 तास होतात. परंतु सेटिंग, बिघाड आणि वीज नसणे यांत जाणारा वेळ सोडून यंत्र 70 टक्के वेळच चालले, तर 3,360 तास उरतात. म्हणजे ताशी सुमारे 75 रुपये केवळ घसाऱ्याचे, म्हणजे यंत्राच्या झिजेचे, झाले. हे पैसे पुढच्या यंत्राचे आहेत, मालकाचे नाहीत. याउलट मालक स्वतः बारा तास राबतो, त्या श्रमाचा मोबदला मात्र दरात कुठेच नसतो, आणि वर्षअखेरीस जो नफा दिसतो तो पुष्कळदा त्याची न घेतलेली मजुरीच असते.

त्या कारखान्यात पुढे कर आणि निधी यांसाठी वेगळे बँक खाते उघडले, जमा झालेल्या प्रत्येक रकमेतला ठरलेला भाग त्याच दिवशी तिकडे वळवण्याचा नेम केला आणि मालकांनी घरखर्चासाठी दरमहा ठरावीक रक्कमच उचलायची असे ठरवले. बंगल्याचा वरचा मजला अर्थातच राहिला. निधीची थकबाकी दंड-व्याजासह फिटायला चौदा महिने लागले.

लक्ष्मीपूजनाला आपल्याकडे वहीची पूजा होते. नंतर वर्षभर मात्र ती वही, आता संगणकावरील टॅली, उघडण्याचे काम हिशेबनिसाचेच, अशी मालकांची समजूत असते. म्हणून जिल्हा उद्योग केंद्रांना आणि कर्ज देणाऱ्या बँकांना माझी विनंती आहे की, नवउद्योजकांच्या प्रशिक्षणात यशोगाथांचे तास थोडे कमी करून प्रत्येकाकडून महिनाभराची रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही), येणे-देण्याची यादी आणि आपल्या मालाच्या दराचा हिशेब स्वतःच्या हाताने लिहून घ्यावा आणि तो तपासल्यावरच कर्जाचा पहिला हप्ता द्यावा.

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस, सांगली