उत्साह आणि सुरुवातीची धामधूम

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

एखाद्या कामाच्या यशापयशाची चर्चा निघाली की पैसा, मनुष्यबळ आणि नियोजन यांचा हिशेब आधी मांडला जातो. उत्साहाचा उल्लेख झालाच, तर तो उद्घाटनाच्या भाषणापुरता होतो. वस्तुतः भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात उत्साह हा वीररसाचा स्थायीभाव सांगितला आहे. क्षणभर चमकून जाणाऱ्या भावांत त्याची गणना नाही.

राइट बंधूंचे उदाहरण मला या संदर्भात फार महत्त्वाचे वाटते. १९०१ साली त्यांच्या ग्लायडरला, म्हणजे इंजिनाविना उडणाऱ्या यानाला, गणिताने अपेक्षित होती त्यापेक्षा फारच कमी उचल मिळाली आणि दोघेही निराश होऊन घरी परतले. सायकलींच्या व्यवसायावर गुजराण करणाऱ्या या भावांजवळ ना विद्यापीठाची पदवी होती, ना सरकारी मदत. तरीही त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी एक छोटा वातबोगदा, म्हणजे वाऱ्याच्या झोतात पंखांची चाचणी घेण्याची पेटी, स्वतः बांधला, सुमारे २०० लहान पंख त्यात तपासले आणि प्रचलित आकड्यांवर विसंबून न राहता आपले तक्ते आपण तयार केले. १७ डिसेंबर १९०३ रोजीचे त्यांच्या इंजिनाच्या विमानाचे पहिले उड्डाण १२ सेकंदांचे आणि १२० फुटांचे होते. त्याच दिवशीचे चौथे ५९ सेकंद टिकले. जगाला ते पहिले उड्डाण आठवते. मला मात्र त्याआधीची ती किचकट मोजमापे अधिक मोलाची वाटतात, कारण मनातून ओढ असल्याखेरीज असले काम कोणी तडीस नेत नाही. शास्त्रज्ञ मारी क्यूरी यांनीही गळक्या शेडमध्ये कित्येक टन खनिज उकळून, ढवळून १९०२ मध्ये जेमतेम दशांश ग्रॅम रेडियम क्लोराइड वेगळे केले.

अर्थात ज्ञानाची जागा उत्साह घेऊ शकत नाही. पण ज्ञान मिळवण्याचे कष्ट तोच सोसायला लावतो. म्हणूनच 'उत्साही उमेदवार हवेत' अशी जाहिरात देणाऱ्या संस्थांनी नव्या माणसाची पहिलीच सूचना 'आपल्याकडे असे चालत नाही' म्हणून बाजूला सारावी, याचे मनापासून वाईट वाटते. हुकूम सोडून उत्साह आणता येत नाही, विझवता मात्र सहज येतो. निदान कामाची वाटणी करताना, यातला कोणता भाग तुला करावासा वाटतो, एवढे प्रत्येकाला विचारले जावे आणि शक्य तेथे तो भाग त्याच्याकडे सोपवला जावा, अशी माझी सर्व संस्थाचालकांना कळकळीची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक