ठोके बिघडले कशाने, हे विचारणाऱ्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार.

आईला ओपीडीत दाखवायला आणलं तेव्हा कळलं, तुमची पोस्टिंग बदलली. म्हणून हे उघड पत्र.

पॅरालिसिसचा अटॅक आला त्या रात्री लालबागहून तिला वेळेत आणता आलं, साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवायचं इंजेक्शन मिळालं. त्या रात्रीच्या सगळ्या स्टाफचे आभार आहेतच. तुमचे मानायचे ते वेगळ्या कारणासाठी. सत्तरीच्या बाईला पॅरालिसिसचा अटॅक आला की बीपी नाहीतर शुगर, असं सगळे धरूनच चालतात. आईचं दोन्ही ठीक होतं. ईसीजीत ठोके अनियमित निघाले. हृदयाचा वरचा कप्पा नीट आकुंचन पावत नाही, रक्त तिथे साचून गुठळी होते आणि ती मेंदूत जाऊन अडकते, एवढं राउंडला समजलं. औषधही ठरलं.

राउंड पुढे गेला, तुम्ही खाटेपाशीच थांबलात. आईच्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या, ते तुम्ही पाहिलंत. "आजी, हा हात समोर ताठ धरा," म्हणालात आणि उजव्या हाताच्या पसरलेल्या बोटांवर एक कोरा कागद ठेवलात. कागदाची कड भराभर थरथरायला लागली. मग गळा चाचपलात. वजन, झोप, घाम, सगळं विचारलंत. आता घामाचं म्हणाल तर ऑक्टोबरात मुंबईत कोण कोरडं असतं! आणि वजन उतरलं म्हणून तर शेजारणी तिचं कौतुक करत होत्या.

रक्ततपासणीत टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, 0.1 च्याही खाली आणि टी-फोर, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन, वाढलेलं. गळ्यातली ही थायरॉइड ग्रंथी जास्त काम करत होती आणि हृदयाला पळवत होती. थायरॉइड कमी पडली तर कोलेस्टेरॉल वाढून रक्तवाहिन्या खराब होतात, तोही रस्ता स्ट्रोककडे, म्हणजे अशाच पॅरालिसिसच्या अटॅककडे जाऊ शकतो, हे तुम्ही मला जिन्यात उभं राहून समजावलंत. मी स्वतः थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइड हार्मोनची गोळी घेते. डोस गरजेपेक्षा जास्त झाला तर ठोके असेच बिघडू शकतात, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. वजन उतरावं म्हणून मनानेच गोळी वाढवणाऱ्या दोघी माझ्या लोकलच्या डब्यात आहेत. त्यांना मी आता रोज ऐकवते. चिडतात, चिडू देत.

आई रक्त पातळ करायची गोळी आणि थायरॉइडचा जोर कमी करणारी कार्बिमॅझोल घेते. थायरॉइड ताब्यात आली की बऱ्याच जणांचे ठोके आपसूक सुधारतात, असं तुम्ही म्हणाला होतात. आईचे अजून पूर्ण सुधारलेले नाहीत. डावा हात मात्र कामाला लागलाय, परवा तिने लसूण सोलला. "घसा दुखून ताप आला तर कार्बिमॅझोल थांबवा, त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) करून दाखवायला या," ही तुमच्या अक्षरातली चिठ्ठी फ्रिजवर लावली आहे. नव्या वॉर्डात कुठे आहात ते कळवा, आईला तुम्हाला भेटायचंय.

तुमची,
लालबागच्या आजींची मुलगी