जात्याच्या तळीवरचं नाव राहू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या गावच्या ख्रिस्ती दफनभूमीला संरक्षक भिंत मंजूर झाली, याचा सगळ्यांनाच आनंद आहे. पावसाळ्यात ओढ्याचं पाणी आत शिरतं, एरवी शेळ्या शिरतात. पण गेल्या महिन्यातल्या बैठकीत भिंतीसोबत ‘सुशोभीकरण’ही ठरलं. जुने वेडेवाकडे दगड आणि गंजलेले क्रूस काढून टाकायचे, आणि ज्याला परवडेल त्याने एकाच मापाची काळी ग्रॅनाइटची पाटी बसवायची. ज्याला परवडणार नाही त्याच्या माणसाच्या जागेवर काय राहणार, असं मी विचारलं. ‘नंतर बघू’ एवढंच उत्तर मिळालं. म्हणून हे पत्र.

आमचं गाव नेवासा तालुक्यातलं, लहानसं. इथल्या जुन्या कबरींवरची एकही खूण विकत आणलेली नाही. माझ्या आजीच्या उशाशी तिच्याच जात्याची वरची तळी उभी पुरली आहे. आजोबांनी छिन्नीने तिचं नाव त्यावर कोरलं. ते चाळिशीत रात्रीच्या शाळेत अक्षरं शिकले होते, त्यामुळे वेलांटी चुकली आहे. ईस्टरच्या पहाटे आम्ही तळीच्या मधल्या भोकात मेणबत्ती ठेवतो, तिथे ती वाऱ्याने विझत नाही. दाणे घालायचं ते भोक, आजीची मूठ जन्मभर तिथे गेली.

दोन कबरी सोडून एका लहान मुलाची जागा आहे. ओल्या सिमेंटवर खिळ्याने नाव काढलंय, आणि भोवतीने त्याच्या आईने हिरव्या बांगड्यांचे तुकडे दाबून बसवलेत. एका कोपऱ्यात मोठ्या माणसाचा पंजा उमटलाय. फळ्यांची चौकट काढताना बापाचा हात टेकला असावा. साखर कारखान्यातल्या एका फिटरसाठी सोबत्यांनी पाइपचा क्रूस वेल्डिंग करून आणला, त्याच्या मध्यावर बेअरिंगची रिंग आहे. काही दगड ७२च्या दुष्काळात खडीच्या कामावरून डोक्यावर वाहून आणलेले आहेत, त्यांवर नुसता क्रूस आहे, नाव नाही. बाभळीचे क्रूस होते ते वाळवीने खाल्ले, आणि त्यांच्याखाली कोण होतं तेही आता सांगता येत नाही.

अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली नगरला आलं. पुढे १८७६-७८च्या दुष्काळाच्या आगेमागे गावोगावच्या महार-मांग वस्त्यांतली कितीतरी कुटुंबं ख्रिस्ती झाली, आमचंही त्यातलंच. मिशनऱ्यांचे अहवाल आणि पत्रं जपून ठेवलेली आहेत. ज्यांना गावच्या पाणवठ्यावर पाय ठेवता येत नव्हता, त्या आमच्या माणसांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं मात्र माझ्या पाहण्यात एवढंच उरलं आहे. मंडळीची जुनी दफनाची वही छत गळून कपाटातच भिजून गेली. आता हे दगड म्हणजेच आमची वही.

बैठकीत एक जण म्हणाला, ‘पाहुणे आले की लाज वाटते.’ पुण्या-मुंबईतला संगमरवर पाहून आलेल्या पोराला असं वाटतं, हे मला कळतं. दुसऱ्याने ‘पुनरुत्थान व जीवन मीच आहे’ या वचनातला ‘त’ एका फरशीवर राहून गेलाय म्हणून ती काढायला सांगितली. ती फरशी लिहिणाऱ्याने ऑइलपेंटचा डबा उधारीवर आणला होता, असं माझी आई सांगते. त्या राहिलेल्या ‘त’साठी आपण त्याची फरशी फेकायची?

भिंत बांधा, हातपंप बसवा, पायवाट करा. पण जेसीबी आत घालू नका. ज्यांना नवी पाटी हवी त्यांनी ती जुन्या खुणेशेजारी बसवावी, खूण उपटून नव्हे. आणि काम सुरू होण्याआधी प्रत्येक खुणेचा फोटो काढून, नाव आणि नातं एका नव्या वहीत लिहून घ्यावं. शाळेतली मोठी मुलं मदतीला मिळाली तर चार रविवारांत होईल, मी स्वतः वही घेऊन बसेन. बिननावाचे दगड कोणाचे, हे गावात आता तीनच म्हाताऱ्या सांगू शकतात. त्यातल्या एकीला दिसत नाही, पण हात धरून नेलं तर दगड चाचपून सांगते.

काम दिवाळीनंतर सुरू व्हायचं आहे. आपलं वर्तमानपत्र आमच्या गावात येतं. हे पत्र त्याआधी छापून आलं, तर बैठकीत विषय पुन्हा घेता येईल.

आपली,
एक वाचक
ता. नेवासा, जि. अहिल्यानगर