आईचा जबडा आणि बाबांची सुपारी

प्रिय आई-बाबा,
सा. न.

जबड्याच्या दुखण्याचं विचारलं की फोनवर आई "बरंय गं आता" म्हणून विषय संपवते आणि बाबा मागून वेगळंच ओरडत असतात, म्हणून हे टाइप करून पाठवतीय, बाबांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचून दाखवा. आई, ती डावीकडची दाढ काढायची अजिबात घाई करू नकोस. मिरजेच्या कानाच्या डॉक्टरांनी कान साफ आहे म्हणून सांगितलं, एक्सरेत दाढ पण चांगली निघाली, मग जिला काही झालेलंच नाही ती दाढ उपटून दुखणं कसं जाणार? व्हिडिओ कॉलवर तू बोट ठेवलंस ते कानाच्या जरा पुढं, तिथं जबड्याचा सांधा असतो, डॉक्टर लोक टीएमजे म्हणतात. बोट तसंच ठेवून तोंड उघड-मिट कर, हाड सरकलेलं हाताला लागेल.

तोंड मोठं उघडताना खालचा जबडा नुसता फिरत नाही, त्याचं टोक पुढं पण सरकतं, आणि दोन हाडांच्या मधी एक छोटी चकती असते. ती पुढं घसरलेली असली की तोंड उघडताना टक् करून जागेवर येते. तुझ्या जबड्याचा तो आवाज म्हणजे बहुतेक हेच. नुसता आवाज असेल, दुखत नसेल आणि तोंड पूर्ण उघडत असेल तर त्याला काही करायचं नसतं, कितीतरी जणांचा जबडा असा वाजतो. पण तुझं दुखणं मला सांध्यापेक्षा स्नायूंचं जास्त वाटतंय, कारण सकाळी उठल्या उठल्या जास्त असतं, गाल आणि कानशिलं दोन्ही ठणकतात आणि रात्री तू करकर दात खातेस असं बाबा सांगतात. (शेजारच्या काकूंनी जंताची गोळी घ्यायला सांगितली ना, घेऊ नकोस, दात खाण्याचा आणि जंताचा संबंध नाही.) आणि रात्रीचंच कशाला, सुईत दोरा ओवताना, सिरीयल बघताना, बाबांवर चिडून गप्प बसलीस की तेव्हा तर नक्कीच, तू दात आवळून धरतेस. स्वतःला कळत पण नाही ते. ओठ मिटलेले, पण दात एकमेकांना न टेकलेले आणि जीभ वरच्या दातांच्या मागं टाळूला हलकी टेकलेली, असं दिवसभर राहायचं. दात फक्त जेवताना एकमेकांना लागू देत. फ्रिजवर, देव्हाऱ्याजवळ चिठ्ठ्या लाव, "दात सोड" म्हणून. हसू नकोस, अर्धं औषध हेच आहे.

बाकी मग गरम पाण्यात पिळलेल्या टॉवेलनं दिवसातनं दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटं शेक, कुशीवर गालाखाली हात घेऊन झोपायचं बंद, जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरायची. काही आठवडे जोंधळ्याची भाकरी आमटीत कुस्करून खा, खिचडी, मऊ भात चालेल, भडंग आणि चिक्की नको, आणि ऊस तर दातानं सोलायचाच नाही, मामाच्या रानातला असला तरी. घास दोन्ही बाजूंनी चावायचा. दुखण्याच्या गोळ्या मेडिकलवाल्याला विचारून रोज रोज घेऊ नकोस, तुला बीपी आहे, त्यातल्या बऱ्याच गोळ्या बीपी वाढवतात आणि किडनीला पण बाधतात, आपल्या फॅमिली डॉक्टरांनाच विचार.

बहुतेक लोकांना एवढ्यावरच बरं वाटतं, ऑपरेशनची वेळ फार थोड्यांवर येते. राहिलंच तर सांगलीत डेंटल कॉलेज आहे, तिथं दाखवूया. रात्री दातांवर घालायचा नाइटगार्ड देतात, दातांचं माप घेऊन बनवतात, त्यानं दात झिजायचे वाचतात आणि काहींचं दुखणं पण कमी होतं. ऑनलाइन मिळणारा तयार मागवू नका, नीट बसत नाही. आणि ते जे कुणी सगळे दात थोडे थोडे घासून चावा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसतात ती ठेवण, बदलूया म्हणालेत आणि पॅकेज सांगितलंय, त्यांना सरळ नाही म्हणा. घासलेला दात परत येत नाही, आणि जे परत फिरवता येत नाही असलं काही यात आधी करायचंच नसतं. मला तर ते पॅकेज ऐकूनच राग आला.

पण दोन गोष्टींत थांबायचं नाही. जिना चढताना किंवा चालताना जबडा दुखला आणि थांबल्यावर कमी झाला, किंवा सोबत छातीत दडपण, घाम, दम असं काही आलं, तर ते हार्टचं असू शकतं, बायकांना कधीकधी छातीपेक्षा जबड्यातच जास्त जाणवतं. तेव्हा शेक देत बसू नका, 108 ला फोन लावा. दुसरं म्हणजे चावता चावता जबडा भरून यायला लागला, कानशिलाला कंगवा लावला तरी दुखतंय, दिसायला अंधुक झालं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडं, कारण पन्नाशीनंतर कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज येऊन दृष्टी जाऊ शकते. क्वचित होतं हे, पण झालं तर वेळ नसतो.

आता बाबा, तुमचं. तर्जनी, मधलं आणि अनामिका अशी तीन बोटं एकावर एक उभी धरून वरच्या आणि खालच्या दातांमध्ये घालून बघा. साधारण जातात. आई, तुझी पण बघ. आईची कमी गेली तर सांधा किंवा स्नायू असेल, पण बाबा तुमची कमी गेली तर मी आधी सुपारीला धरणार. सुपारीनं गालाची आतली कातडी ताठ आणि पांढरट होते, तिखट झोंबायला लागतं आणि तोंड हळूहळू कमी उघडतं, आणि पुढं त्यातनं कॅन्सर होऊ शकतो. परवा मिसळ झोंबली म्हणून तुम्ही सोडून दिलीत असं आई म्हणाली, ते माझ्या डोक्यातनं जात नाहीये. तंबाखू नाही, नुसती सुपारी आहे हे तुमचं नेहमीचं उत्तर मला चालणार नाही, नुसत्या सुपारीनं पण होतं. आईला दाखवायला जाल तेव्हा तुम्ही पण तोंड उघडून दाखवा, वेगळा केसपेपर काढा.

किती बोटं गेली ते आज रात्री फोनवर सांगा. आई, तू शेजारी बसून बघ, म्हणजे खरा आकडा कळेल.

तुमची लेक