जुन्या मिरोकूबद्दल काकांचे आभार

ती. काकांस सा. न.

माझी जुनी मिरोकू बंदूक तुम्ही निवडून दिलीत, त्याचे तोंडावर आभार मानले की तुम्ही "बरं बरं, चहा टाक" म्हणून विषय मोडता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. दुसरंही एक कारण आहे. इकडे इंग्लंडात आपली काही मंडळी क्ले शूटिंगकडे, म्हणजे उडत्या तबकड्या बंदुकीने फोडायच्या खेळाकडे, वळली आहेत. "जुनी बंदूक घ्यावी का गं?" असं मला विचारतात, आणि मी जे सांगते ते बहुतेक सगळं तुमचं असतं. ते तुमच्या खात्यावर जमा व्हायला हवं. नाव लिहीत नाही, ते तुम्हाला रुचणार नाही.

मी कोल्हापूरची म्हटल्यावर लोकांना वाटतं नेमबाजी घरातूनच आली असणार. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आता स्वप्निल कुसाळे. पण ती सगळी रायफल-पिस्तुलाची मंडळी. निशाण जागेवर, नेमबाज श्वास रोखून उभा. इथे ११० मिलिमीटरची तबकडी यंत्रातून सुटते आणि ती फुटली की नाही याचा निकाल डोळ्याची पापणी लवायच्या आत लागतो. शॉटगन, म्हणजे छऱ्यांची बंदूक, मी इंग्लंडात येईपर्यंत हातातही धरली नव्हती. पहिली धरली ती तुमची, क्लबच्या मैदानावर, तुम्ही शेजारी उभे असताना. पोलिसांनी मान्यता दिलेल्या क्ले मैदानावर परवाना नसतानाही दुसऱ्याची बंदूक चालवता येते, हेही तुमच्याकडूनच कळलं. नाहीतर आधी परवाना, मग खेळ आवडतो का ते बघू, असा उलटा कारभार झाला असता.

पुढे शॉटगन सर्टिफिकेट निघालं: डॉक्टरांची माहिती, पोलिसांची घरी फेरी, भिंतीला बोल्टने आवळलेलं लोखंडी कपाट, पाच वर्षांची मुदत. त्यात सांगण्यासारखं फार काही नाही. खरी गंमत दुकानात सुरू झाली.

क्लबमधले बरेच जण म्हणत होते, हप्त्यावर नवी बेरेटा बंदूक घे, डोक्याला ताप नको. तुमचं म्हणणं वेगळं. चांगल्या घराण्यातली जुनी बंदूक नव्या बंदुकीच्या निम्म्याहून कमी पैशांत मिळते, आणि उरलेले पैसे काडतुसांत घातले तर नेम सुधारतो. फक्त बघून घ्यायची. "बघून" या शब्दात तुम्ही काय काय धरलं होतं ते मला नंतर उमगलं.

त्या पहिल्या दुकानातली इंग्लिश बनावटीची दुनळी आठवते? शेजारी-शेजारी नळ्या, बाजूच्या पोलादावर कोरलेली वेलबुट्टी, अक्रोडाचा दस्ता. माझा जीव तिच्यात अडकला होता. तुम्ही वेलबुट्टीकडे पाहिलंच नाही. आधी स्क्रूच्या खाचा पाहिल्यात. जन्मभर टूलरूममध्ये काम केलेल्या माणसाची नजर ती. खाचा कुरतडलेल्या दिसल्या तर कुणीतरी चुकीच्या स्क्रू ड्रायव्हरने आत हात घातला आहे, आणि ज्याने खाचा खाल्ल्या त्याने आतही काही धड ठेवलं नसणार. मग नळ्या सुट्या करून, उलट्या धरून, भिंगातून बुडाच्या सपाट भागावरच्या मोहोरा वाचल्यात.

या मोहोरा प्रूफ हाउस, म्हणजे नळ्यांची चाचणी घेणारी संस्था, उठवते. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ सालचं, बॅनबरी स्ट्रीटवर अजून चालू आहे. लंडनच्या गनमेकर्स कंपनीची सनद तर १६३७ ची. तिथे प्रत्येक नळीतून नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार काढतात, आणि ती टिकली तरच मोहोर उठते. १८६८ च्या कायद्याने प्रूफमधून बाद झालेली बंदूक विकणं इथे गुन्हा आहे. हे सगळं मी नंतर वाचलं. त्या दिवशी तुम्ही फक्त बोट ठेवलंत: "अडीच इंच."

म्हणजे तिचं चेंबर, काडतूस बसतं तो नळीचा भाग, ६५ मिलिमीटरचं, आणि मैदानावर सरसकट मिळणारी काडतुसं ७० ची. फसवी गोष्ट अशी की ७० चं काडतूस त्यात सहज बसतं. काडतुसाची लांबी मोजतात ती उडाल्यानंतरची. न उडालेल्याचं तोंड आत दुमडलेलं असतं, त्यामुळे ते आखूड दिसतं. बार उडाला की तोंड उलगडतं, पुढच्या अरुंद भागात घुसतं आणि नळीतला दाब वाढतो. "बसलं म्हणजे चाललं असं नाही," एवढं म्हणून तुम्ही ती बंदूक फडक्याने पुसलीत, बोटांचे ठसे काढलेत आणि दुकानदाराला आभार मानून परत दिलीत. वाईट बंदूक नव्हतीच ती. ६५ ची काडतुसं घालणाऱ्या कुणाच्या तरी हातात सुखाने चालत असेल. पण दर रविवारी भरपूर बार काढणाऱ्या नवशिक्या बाईसाठी नव्हती.

मिरोकू नंतर मिळाली, दुसऱ्या गावात, कोपऱ्यात उभी. एकावर एक नळ्या, तीस इंची, वजनदार, कोरीवकाम बेताचं. जपानमधल्या कोची गावचा हा कारखाना एके काळी व्हेल माशांच्या शिकारीच्या तोफा बनवायचा, हे कळल्यावर मला हसू आलं होतं. पण आतली बांधणी जॉन ब्राउनिंग या अमेरिकन बंदूक-कारागिराच्या घराण्यातली. ब्राउनिंग १९२६ मध्ये बेल्जियममध्ये वारला, त्याच्या शेवटच्या दुनळीचं राहिलेलं काम मुलाने पुरं केलं आणि ती १९३१ च्या सुमारास बाजारात आली. नळ्यांच्या खाली आडवा जाणारा जाड पिन, त्यावर सगळा भार. झिजतो, पण फार सावकाश, आणि झिजला तर चांगल्या कारागिराला दुरुस्त करता येतो. जुनी घ्यायची तर अशीच, जिची झीज दुरुस्त होते, हा तुमचा हिशोब.

तुम्ही पुढचा लाकडी भाग काढलात, बंदूक मिटवून नळ्या डावी-उजवीकडे हलवून पाहिल्यात. हालचाल नाही. बुडाशी दिव्याचा उजेड दिसतो का ते पाहिलंत. वरची कळ मिटल्यावर मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे थांबत होती. ती डावीकडे सरकलेली असती तर झीज झाली असं समजायचं. मग नळ्या बुडाच्या आकड्यावर लटकवून नखाने टिचकी मारलीत. देवळातल्या घंटेसारखा आवाज घुमत राहिला. दुकानदारही थांबून ऐकायला लागला. तो आवाज बद्द आला असता तर नळ्या जोडणाऱ्या पट्टीचा टाका कुठेतरी सुटलेला. शेवटी नळीतून खिडकीकडे बघायला लावलंत. आतली चकचकीत वलयं एकाच्या आत एक नीट गोल दिसली पाहिजेत. एखादं वलय वाकडं दिसलं तर तिथे पोचा किंवा फुगवटा.

आणि एवढ्यावर तुमचं समाधान झालं नाही! मोहोर ही त्या दिवसाची साक्ष, म्हणालात, नंतर कुणी गंज काढायला नळी आतून घासली असेल तर मोहोर थोडीच पुसली जाते. म्हणून बोअर गेज, नळीचा आतला व्यास मोजायचं साधन. बुडापासून नऊ इंचांवर मोजायचं, माझ्यासारख्या बारा बोअरच्या बंदुकीचं मूळ माप ०.७२९ इंच, आणि मोहोरेत लिहिल्यापेक्षा दहा थाऊपेक्षा जास्त वाढलं असेल तर बंदूक हातात धरायची नाही. "थाऊ", म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ऐकून मला कोल्हापूरचं कारखान्यांचं उद्यमनगर आठवलं. नळीच्या भिंतीची जाडीही मोजून घेतलीत. दुकानदाराने गेज आनंदाने दिला. काही लपवायचं असणारा माणूस तो देत नाही, हे तुम्ही गाडीत सांगितलंत.

चापाची गोष्ट तर मी सगळ्यांना सांगते. डमी काडतुसं घालून पहिला चाप ओढला, टक्. दुसरा ओढला, काहीच नाही. दुकानातला पोरगा ओशाळला. तुम्ही दस्त्याच्या टोकावर तळव्याने थापटी मारलीत, आणि दुसरा बार वाजला. या बंदुकीचा चाप पहिल्या बाराच्या धक्क्यावर दुसऱ्या नळीकडे वळतो. धक्का नाही तर दुसरा बार नाही. म्हणूनच पुढे मी खांद्याला बरं म्हणून २१ ग्रॅम छऱ्यांची हलकी काडतुसं आणली आणि दुसरी नळी कधी कधी उडेना, तेव्हा घाबरायचं कारण नव्हतं. २८ ग्रॅमवर परत आले, बिनतक्रार चालली. एवढ्या वजनाच्या बंदुकीत २८ चा धक्काही सोसतो.

चोकबद्दल, म्हणजे छर्रे एकत्र ठेवायला नळीचं तोंड किती अरुंद केलं आहे त्याबद्दल, मात्र तिथल्या दुसऱ्या विक्रेत्याचं आणि तुमचं जुंपलं होतं. चोक सांगतात नळीवर कोरलेल्या चांदण्या. तो म्हणत होता एक चांदणी म्हणजे मोकळी नळी. ब्राउनिंग-मिरोकूच्या पद्धतीत उलटं आहे: एक चांदणी म्हणजे फुल चोक, दोन म्हणजे हाफ, तीन म्हणजे सरळ सिलिंडर. माझ्या बंदुकीची वरची नळी फुल, खालची तीन-चतुर्थांश. चाळीस यार्डांवर तीस इंची वर्तुळात फुल चोक साधारण सत्तर टक्के छर्रे टाकतो, सिलिंडर चाळीसच्या आसपास. स्कीट या प्रकारातल्या जवळच्या तबकड्यांना ही बंदूक म्हणजे शिक्षा. पण डाउन-द-लाइन या प्रकारात, यंत्रापासून सोळा यार्ड मागे उभं राहून लांब पळणाऱ्या तबकडीवर, नेम बरोबर असेल तर तिचा काळा धूर होतो. पहिल्या बाराला तीन गुण, दुसऱ्याला दोन, पंचवीस तबकड्यांचे पंच्याहत्तर. लगेच चोक मोकळा करून घ्यायला मी निघाले होते, तेव्हा तुम्ही अडवलंत: पोलाद काढता येतं, परत घालता येत नाही, एक हंगाम आहे तशी चालव.

दस्त्याचंही तसंच. तो पुरुषी मापाचा, मला लांब. पण कापण्याआधी तुम्ही मला कोरा कागद लावलेल्या पाटीवर बार काढायला लावलेत. बंदूक थोडी वर मारत होती, ट्रॅपसाठी, म्हणजे अशा लांब पळणाऱ्या तबकड्यांसाठी, बनवलेली असल्यामुळे, कारण तबकडी वर चढत असते. "तबकडी नळीवर बसलेली दिसू दे, झाकू नकोस." हे वाक्य मला अजून प्रत्येक स्टँडवर ऐकू येतं. दस्ता नंतर कारागिराने थोडासाच कमी केला, आणि कापलेला तुकडा मी ठेवलाय, तुम्ही सांगितलंत म्हणून. विकताना पुढच्याला लागेल.

आता तुमच्याकडे एक काम आहे. २०२५ मध्ये इथल्या सरकारने शिशाच्या छऱ्यांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणायचं जाहीर केल्यापासून क्लबात स्टीलच्या छऱ्यांचीच चर्चा चालते. साधी स्टीलची काडतुसं नायट्रो प्रूफच्या (बिनधुराच्या दारूसाठी तपासलेल्या) ७० मिलिमीटर चेंबरच्या बंदुकीतून चालतात, पण चोक हाफपर्यंतच हवा असं सगळे सांगतात. म्हणजे माझ्या दोन्ही नळ्या मोकळ्या कराव्या लागणार, किंवा मिरोकू शिशापुरती ठेवून दुसरी बघावी लागणार. मला खालची हाफ करून घ्यावी आणि वरचीला तूर्त हात लावू नये असं वाटतंय. कारागिराकडे जायच्या आधी नळ्या घेऊन तुमच्याकडे येते. गेज काढून ठेवा. काकूंना सांगा, जेवायला थांबणार आहे, भाकरी मी करीन.

कळावे, लोभ आहेच.

तुमची,
कोल्हापूरची पोरगी